मार्करच्या वाट्याचा धूर

खेळांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी विजेत्यांची नावे, गुणांचे आकडे, नियमांतील फेरबदल आणि ढालींवरील कोरीव अक्षरे यांची नोंद मोठ्या आस्थेने केली आहे. परंतु ज्या दालनात हे खेळ खेळले गेले त्या दालनातील हवा कशी होती, ती कोणी बिघडवली आणि कोणाला ती मुकाट्याने छातीत भरून घ्यावी लागली, याची नोंद क्वचितच कोणी ठेवली. मोकळ्या मैदानावरील खेळांना हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. तेथे धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. चार भिंतींआडच्या खेळांची गोष्ट निराळी. तेथे तंबाखूचा धूर शंभराहून अधिक वर्षे इतक्या सहजपणे वावरला की दालनातील खुर्च्या-पडद्यांप्रमाणे तोही सामानसुमानाचा एक भाग वाटू लागला. या धुराचा मागोवा घेऊ जाता आम्हांस असे दिसून येते की, तो तेथे आपोआप आलेला नव्हता. तो आणला गेला, पुढे पैसा ओतून पोसला गेला, आणि अखेर ज्या दिवशी त्या दालनात पोटासाठी उभ्या असणाऱ्या माणसाचा विचार झाला, त्या दिवशी त्याला बाहेरची वाट दाखविण्यात आली. बिलियर्ड्स व स्नूकर या दोन खेळांच्या आधारे ही हकिगत आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. कारण तंबाखूशी इतके घट्ट नाते जडलेले बैठे खेळ दुसरे क्वचितच आढळतील, आणि त्यांपैकी एकाचा जन्म तर आपल्यापैकी कित्येकांनी नोकरीची वर्षे घालविलेल्या जबलपुरात झालेला आहे.

इ. स. १८७५ च्या पावसाळ्यातील ही गोष्ट. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतातील जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी होता. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले याच नावाचे गृहस्थ वेगळे.) पाऊस लागून राहिला की कवायत बंद, शिकार बंद, मग मेसमधील बिलियर्ड्सचे टेबल हाच काय तो विरंगुळा. त्या टेबलावर चालणाऱ्या ‘ब्लॅक पूल’ या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळून या मंडळींनी एक नवा खेळ रचला. वूलिच येथील लष्करी शाळेत नवख्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणत असत; खेळात चुकलेल्या एका सोबत्याला चेंबरलेनने थट्टेने तेच नाव दिले आणि ते खेळालाच चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम भिंतीवर लावले गेले आणि तेथून तो सर्वत्र पसरला. चेंबरलेनने स्वतः १९३८ साली एका इंग्रजी नियतकालिकास पत्र लिहून ही हकिगत सांगितली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. त्या मेसमधील खेळाडूंची, पावसाची आणि रंगीत चेंडूंची आठवण अशी शिल्लक राहिली. गुण मांडणाऱ्या नोकराची मात्र राहिली नाही.

बिलियर्ड्सच्या टेबलाजवळ तंबाखू आली ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज घरांच्या शिष्टाचारातून. दिवाणखान्यात, स्त्रियांच्या समक्ष, चिरूट ओढणे हे त्या समाजात असभ्यपणाचे समजले जाई. म्हणून संपन्न घरांत पुरुषांसाठी धूम्रपानाची खोली वेगळी काढण्यात येऊ लागली, आणि बहुधा ती बिलियर्ड्सच्या खोलीला लागून असे; पुष्कळदा या दोन्ही खोल्या एकच असत. धुराचा वास कपड्यांना व केसांना लागू नये म्हणून खास मखमली अंगरखे आणि टोप्या वापरात आल्या. यावरून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. धूर दुसऱ्याला त्रासदायक असतो हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते. नाहीतर खोली वेगळी करण्याचे कारण काय? पडद्यांची, कपड्यांची आणि घरच्या स्त्रियांच्या नाकाची काळजी त्यांनी वाहिली. पण त्या वेगळ्या खोलीत ज्याला कामानिमित्त जावेच लागे त्याचा विचार या व्यवस्थेत कोठेही बसत नव्हता.

हा माणूस म्हणजे मार्कर. हिंदुस्थानातील साहेबी क्लबांत आणि पुढे आपल्या लोकांच्या जिमखान्यांत मार्कर ही एक संस्थाच होती. फळ्यावर गुण मांडणे, खड्ड्यात पडलेले चेंडू काढून पुन्हा जागेवर ठेवणे, लांबच्या फटक्यासाठी काठीला आधार आणून देणे, टेबलाच्या हिरव्या कापडावर ब्रश फिरविणे, आणि एखादा सभासद एकटाच आला तर त्याच्याशी चार डाव खेळणे, ही त्याची कामे. खेळाडू येत आणि जात. मार्कर पहिला सभासद येण्यापूर्वी हजर असे आणि शेवटचा सभासद गेल्यावर दिवे मालवून घरी जाई. सभासदाला धूर असह्य झाला तर व्हरांड्यात जाऊन उभे राहण्याची मुभा होती. मार्करला ती नव्हती. आम्हां सरकारी नोकरांना हुद्द्याची उतरंड नित्य परिचयाची आहे; खोलीतील हवेलाही तशीच एक उतरंड असते, आणि तिच्या तळाशी असलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत अधिक काळ सर्वांत वाईट हवा येते, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

ही हवा नेमकी कशी होती, हे समजून घेण्यासाठी धुराची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. पेटलेल्या सिगारेटचा धूर दोन वाटांनी खोलीत येतो. एक वाट ओढणाऱ्याच्या छातीतून जाऊन बाहेर पडते. दुसरी जळत्या टोकाकडून थेट हवेत जाते. भोवतालच्या माणसांना जो धूर मिळतो त्यातील सुमारे ८५ टक्के भाग या दुसऱ्या वाटेने येतो. झुरका घेताना टोक जितके प्रखर जळते तितके ते दोन झुरक्यांच्या मध्ये जळत नाही. त्या मंद आंचेच्या धुरात कित्येक विषारी द्रव्यांचे प्रमाण उलट अधिक असते. धुरातील कण बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान. ते लवकर खाली बसत नाहीत, तासन् तास तरंगतात आणि फुप्फुसाच्या पार तळापर्यंत पोचतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायने आढळली असून त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगास कारण होणारी आहेत. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या द्रव्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

यात बंदिस्त खेळांची एक खास अडचण आहे. बॅडमिंटनच्या फुलाला आणि टेबल टेनिसच्या हलक्या चेंडूला वाऱ्याची झुळूकही चालत नाही. म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. बिलियर्ड्सच्या कापडाला धूळ आणि दमट हवा मानवत नाही. म्हणून तेथे पडदे ओढलेले असतात. खेळ बिघडू नये म्हणून वारा अडवावयाचा, आणि वारा अडला की धूर मुक्कामाला राहावयाचा, असा हा पेच आहे. त्यातून खेळाडूचा श्वास. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराचा खेळ चालू असताना हे प्रमाण कसलेल्या खेळाडूच्या बाबतीत शंभर लिटरच्याही वर जाते, आणि तीही बरीचशी तोंडावाटे, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. प्रेक्षागारात बसून सिगारेट ओढणारा हौशी प्रेक्षक आपल्या आवडत्या मल्लाच्या किंवा मुष्टियोद्ध्याच्या छातीत काय भरीत होता, याचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नसेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा धूर केवळ सवयीचा होता. उत्तरार्धात त्याला पैशाचे पाठबळ मिळाले, आणि ते मिळण्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पुढे आणला. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यावर स्पष्ट अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ च्या ऑगस्टपासून ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सिगारेटची जाहिरात करण्यास बंदी झाली. पुढच्या दाराने मज्जाव झाल्यावर सिगारेट कंपन्यांनी मागचे दार शोधले. १९६९ साली बी.बी.सी.ने रंगीत दूरचित्रवाणीवर ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला. हिरव्या टेबलावरील रंगीत चेंडू पाहण्याची प्रेक्षकांना गोडी लागली. कंपन्यांच्या ध्यानात आले की, सिगारेटची जाहिरात दाखविता येत नसली तरी सिगारेटचे नाव धारण करणारी स्पर्धा दाखविता येते. १९७३ व १९७४ ची जागतिक स्नूकर स्पर्धा ‘पार्क ड्राइव्ह’ या सिगारेटच्या नावाने झाली. १९७५ पासून ‘बेन्सन अँड हेजेस’ने मास्टर्स स्पर्धा चालविली. १९७६ पासून जागतिक स्पर्धा ‘एम्बसी’च्या नावे होऊ लागली, आणि पुढच्याच वर्षी ती शेफील्ड येथील क्रूसिबल या नाट्यगृहात गेली. हजारापेक्षा काही कमी आसनांच्या त्या गृहातील खेळ १९८५ च्या अंतिम सामन्याच्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावरही, सुमारे १ कोटी ८५ लक्ष लोक घरोघरी पाहत होते. जाहिरातीच्या बंदीतून निर्माण झालेली ही केवढी जाहिरात!

त्या काळी खेळाडू टेबलाशेजारी बसून, दूरचित्रवाणीच्या दिव्यांखाली, सिगारेट ओढीत असत. १९७२ आणि १९८२ साली जगज्जेता झालेला अलेक्स हिगिन्स हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय. १९९८ साली त्याला घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि २०१० साली बेलफास्ट येथे तो निवर्तला. येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९२७ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत विजेत्या जो डेव्हिसला अवघे साडेसहा पौंड मिळाले होते. सिगारेटच्या पैशानेच हा खेळ अंधाऱ्या दिवाणखान्यांतून उजेडात आणला, खेळाडूंना मानाचे जिणे दिले, हे नाकारता येणार नाही. आपल्याकडील क्रिकेटही ‘विल्स’च्या नावाखाली किती वर्षे खेळले गेले हे सर्वांना स्मरत असेल. एम्बसी आणि विल्स या दोन्ही नावांचे मूळ ब्रिस्टलच्या एकाच विल्स घराण्याच्या कारखान्यात आहे. प्रश्न एवढाच की, खेळाडूंना मिळालेल्या या पैशाचे मोल कोण चुकते करीत होते?

ओढणाऱ्याने ते चुकते करावे, यात फारसा वाद नव्हता. न ओढणाऱ्यालाही ते चुकते करावे लागते काय, हा खरा वाद होता, आणि तो सुमारे पाव शतक चालला. १९८० साली जेम्स रिपेस आणि आल्फ्रेड लाउरी या अमेरिकी संशोधकांनी अनेक सार्वजनिक जागांतील हवा प्रत्यक्ष मोजून दाखवून दिले की, जेथे लोक सिगारेट ओढतात तेथील हवेत श्वासावाटे आत जाणाऱ्या कणांचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असते. १९८१ च्या जानेवारीत जपानमधील ताकेशी हिरायामा यांचा निबंध प्रसिद्ध झाला. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा त्यांनी चौदा वर्षे मागोवा घेतला होता. ज्यांचे पती अधिक सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. त्याच वर्षी ग्रीसमध्ये दिमित्रिओस त्रिकोपुलोस यांना तसेच आढळून आले. सुक्याबरोबर ओले जळते, हे आपले म्हणणे आकड्यांनी सिद्ध झाले म्हणावयाचे. सिगारेट उद्योगाने हिरायामांच्या गणितावर तुटून पडण्यात कसूर केली नाही. परंतु १९८६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने आणि १९८८ साली ब्रिटनच्या फ्रॉगट समितीने तोच निष्कर्ष उचलून धरला. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने परक्याच्या धुराची गणना माणसात कर्करोग निश्चितपणे उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली.

यानंतर उद्योगाचे म्हणणे बदलले. धूर वाईट असेल, पण त्यावर उपाय सौजन्याचा आणि पंख्याचा. ओढणाऱ्यांना एका बाजूस बसवा, न ओढणाऱ्यांना दुसऱ्या, आणि मध्ये चांगली वायुवीजनाची यंत्रे लावा. वरकरणी हे समंजसपणाचे दिसते. पण एकाच दालनाच्या दोन भागांत दोन हवा राहू शकत नाहीत. २००६ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने निर्वाळा दिला की, परक्याच्या धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही आणि यंत्रांनी हवा खेळती ठेवूनही त्याचा धोका पुरता नाहीसा होत नाही.

कायद्याची गाडी मात्र एका निराळ्याच रुळावरून पुढे सरकली, आणि या सर्व इतिहासातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्याने दुसरीकडे जावे, असे म्हणता येते. पण वाढप्याने, मार्करने, झाडूवाल्याने कोठे जावे? ज्याची रोजी त्या खोलीत आहे त्याला ‘नको तर येऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे उपाशी राहा असेच सांगणे होय. कॅलिफोर्नियाने १९९८ च्या प्रारंभी मद्यगृहांतही धूम्रपान बंद केले ते कामगारांच्या संरक्षणाचे कलम म्हणून. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून सर्व बंदिस्त कामाच्या जागांना, म्हणजे ओघाने मद्यगृहांना व खेळगृहांनाही, तोच नियम लावला. असे करणारा तो जगातील पहिला देश. स्कॉटलंडने २६ मार्च २००६ रोजी आणि इंग्लंडने १ जुलै २००७ रोजी त्याचे अनुकरण केले. तत्पूर्वीच, २००५ साली, एम्बसीच्या नावाची जागतिक स्नूकर स्पर्धा तीस वर्षांनंतर शेवटची झाली होती. बंदीनंतर ब्रिटनमधील कित्येक स्नूकर क्लब बंद पडले आणि मालकांनी त्याचा दोष या कायद्याला दिला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु स्कॉटलंडमध्ये दुसरेही काही नोंदले गेले. मद्यगृहांतील नोकरांचा खोकला आणि घशाची जळजळ दोन महिन्यांच्या आत कमी झाली, त्यांची फुप्फुसे अधिक चांगली चालू लागली. हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वर्षभरात १७ टक्क्यांनी घटली, आणि या घटीपैकी सुमारे दोनतृतीयांश वाटा धूम्रपान न करणाऱ्यांचा होता.

आपल्या देशाने या बाबतीत कोणाच्या मागे राहण्याचे कारण नव्हते आणि तो फारसा राहिलाही नाही. १९९० मध्ये केंद्र सरकारने प्रशासकीय आदेशाने सरकारी कार्यालये व रुग्णालये यांत धूम्रपानास मनाई केली. दिल्लीने १९९६ मध्ये आणि गोव्याने १९९७ मध्ये स्वतंत्र कायदे केले. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक जागी धूम्रपान हे लोकांस उपद्रव देणारे कृत्य ठरविले. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर लागू होईल असा आदेश दिला. त्यात सभागृहे, रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि आगगाड्यांसह सार्वजनिक वाहने यांचा नामनिर्देश आहे. खेळगृहांचा वेगळा उल्लेख नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्यात करमणुकीची केंद्रे आली, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी क्रीडागारेही स्पष्ट शब्दांत कक्षेत घेतली. तथापि त्याच कायद्याने तीस खोल्यांच्या हॉटेलांत, तीस आसनांच्या उपाहारगृहांत आणि विमानतळांवर धूम्रपानाची वेगळी जागा ठेवण्यास मुभा दिली. व्हिक्टोरियाकालीन घरातील ती धूम्रपानाची खोली अशा रीतीने एकविसाव्या शतकातील कायद्यात शिरली. आणि त्या खोलीतील रक्षापात्रे रिकामी करणारा नोकरही तिच्याबरोबर आला.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना आपापल्या नेमणुकीच्या गावी कर्मचाऱ्यांचा क्लब किंवा जिमखाना ठाऊक असेल. कॅरमची एक खोली, टेबल टेनिसचे एक टेबल आणि कोठे नशीब थोर असेल तर जुन्या साहेबाच्या काळातील बिलियर्ड्सचे टेबल. भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी असते. ती पाटी पाळावयाची की नाही, हे पुष्कळदा खोलीतील सर्वांत वरिष्ठ गृहस्थांच्या मर्जीवर राहते. त्यांनी सिगारेट पेटविली तर कनिष्ठ लिपिक काही बोलत नाही आणि चतुर्थश्रेणी सेवक तर खिडकी उघडण्यासही कचरतो. कायद्याने दिलेला अधिकार हुद्द्यासमोर मुका होतो. अशा वेळी जो बोलू शकतो त्याने बोलावे, एवढी या इतिहासाची शिकवण आम्ही घेतो; कारण जेथे जेथे धूर बाहेर गेला तेथे तेथे कोणीतरी न बोलू शकणाऱ्याच्या वतीने बोललेले होते.

आणखी एक विनंती. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकून या देशाला पहिला जगज्जेता दिला. त्यांचे नाव इतिहासात यथायोग्य नोंदले गेले आहे. जुन्या क्लबांच्या भिंतींवर विजेत्यांचे आणि चिटणिसांचे सोनेरी अक्षरांतील फलकही अजून शाबूत आहेत. मार्करांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. जबलपूर, महू, कलकत्ता, बंगळूर, उटी येथील क्लबांतून निवृत्त झालेले एखाददुसरे म्हातारे मार्कर अद्याप हयात असतील. त्या गावी असलेल्या वाचकांनी त्यांना गाठावे, किती वर्षे नोकरी केली, दिवसाला किती तास उभे राहिले, खोलीची खिडकी उघडी असे की बंद, आणि आता छाती कशी आहे, एवढे चार प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून ठेवावीत. या खेळांचा तो भाग अजून लिहावयाचा आहे, आणि तो सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.